पेट्रोलातील ऊस

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की थोड्याच वेळात चाकण लागते. या गावाची ओळख मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून झालेली असते. १६६० साली शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा याने जो किल्ला सुमारे दोन महिने झुंजवला, तो संग्रामदुर्ग येथलाच. पुढे हे गाव कांद्याच्या बाजारासाठी नावाजले. आज मात्र चाकणच्या माळावर दृष्टी टाकावी तिकडे कारखान्यांची छपरे दिसतात. दुचाक्या, मोटारी, मालमोटारी आणि त्यांना लागणारे हजारो सुटे भाग येथे तयार होतात. चाकणपासून भोसरी, आकुर्डी, चिंचवड व पिंपरीपर्यंतच्या या टापूत वाहन हा केवळ वापरण्याचा जिन्नस नव्हे. लक्षावधी घरांची चूल त्यावर पेटते.

या कामगारांपैकी पुष्कळांचे मूळ गाव मात्र दूर, उसाच्या मुलखात असते. कोणी दौंडचा, कोणी बारामतीचा, कोणी सोलापूरकडचा. एक पाय कारखान्यात आणि दुसरा शेतात, असे त्यांचे आयुष्य असते. म्हणूनच २०२५ साली देशभरच्या पेट्रोलात शंभरात वीस भाग इथेनॉल मिसळले जाऊ लागले, तेव्हा या टापूतील घराघरांत त्याची चर्चा झाली. इथेनॉल येते उसातून व धान्यातून, आणि जाते मोटारीत. येथल्या माणसाचा दोन्ही टोकांशी संबंध!

चिंचवडमधील अशाच एका घराची कल्पना करावी. वडील चाकणच्या कारखान्यात फिटर आहेत, आई शिक्षिका आहे. मुलगी सातवीत शिकते. आजोबा दौंड तालुक्यातील शेतकरी. शेत आता धाकट्या मुलाच्या स्वाधीन करून ते चिंचवडला राहावयास आले आहेत. घरात २०१२ साली घेतलेली एक लहान मोटार आहे. आजोबांना महिन्यातून दोनदा इस्पितळात न्यावे लागते, ते याच मोटारीने. दिवाळीला गावी जाणे, तेही हिच्यातूनच. नवी मोटार घेण्याजोगी बचत घरात नाही. जी आहे ती मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली आहे.

एके दिवशी वडिलांच्या मोबाइलवर एक संदेश आला. इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांची इंजिने सहा महिन्यांत निकामी होतात, असे त्यात छातीठोकपणे म्हटले होते. दुसऱ्या दिवशी दुसरा संदेश आला. इथेनॉलने गाडीला काडीचाही अपाय होत नाही, असे त्यात तितक्याच छातीठोकपणे लिहिले होते! मामांनी तर येऊन सांगितले, “दाजी, किंमत येते आहे तोवर गाडी विकून टाका.” घरात चिंता पसरली. गाडी विकली, तर आजोबांना इस्पितळात न्यावयाचे कसे? ठेवली आणि ती वाटेतच बंद पडली, तर काय करावयाचे?

मुलीने विचारले, “बाबा, इथेनॉल नसलेले पेट्रोल घेता येणार नाही का?”

प्रश्न सरळ होता, परंतु उत्तर सरळ नव्हते. साध्या पंपावर आता वीस टक्क्यांचे मिश्रण हेच नेहमीचे पेट्रोल झाले आहे. ग्राहकांना इथेनॉलविरहित पेट्रोलही मिळावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. ती न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा निवड करावयाची ती पंपावर नव्हे. आपली गाडी या इंधनावर चालवावी किंवा नाही, आणि चालवावयाची तर कोणती काळजी घेऊन, एवढेच घराच्या हाती उरते. त्यासाठी प्रथम हे इंधन आहे तरी काय, ते समजून घेतले पाहिजे.

आजोबांना त्यातील निम्मी गोष्ट ठाऊक होती. कारखान्यात उसाचा रस आटवून साखर काढली, की मागे काळसर, दाट, चिकट द्रव उरतो. तीच मळी. मळीत अजून बरीच साखर शिल्लक असते, पण तिचे दाणे पडत नाहीत. तीत पाणी व यीस्ट घालून ती आंबवली, की साखरेचे रूपांतर मद्यार्कात होते. या मद्यार्कालाच रसायनशास्त्रात इथेनॉल म्हणतात. ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ करून व ती थंड करून, ते पाण्यापासून वेगळे काढतात. परंतु साध्या ऊर्ध्वपातनाने शंभरात पंच्याण्णव-शहाण्णव भागांपर्यंतच शुद्धता मिळते. उरलेले पाणी इथेनॉलला सोडीत नाही. ते काढण्यासाठी वाफ एका विशिष्ट खनिजाच्या बारीक गोळ्यांतून नेतात. त्या गोळ्यांची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, की पाण्याचे रेणू त्यांत अडकतात आणि इथेनॉलचे मोठे रेणू पुढे निघून जातात. असे कोरडे झालेले इथेनॉलच पेट्रोलात मिसळता येते. ते मळीपासूनच होते असे नाही. उसाचा रस, तुटका तांदूळ आणि मका यांपासूनही ते करतात. किंबहुना अलीकडे आपल्या देशात धान्यापासून, विशेषतः मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलचा वाटा उसापेक्षा मोठा झाला आहे.

ही कल्पना नवी नाही. पेट्रोलात मद्यार्क मिसळण्यासंबंधीचा कायदा आपल्या देशात १९४८ सालीच झाला होता. आजच्या योजनेचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला, आणि त्यासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज व मनमाड ही दोन महाराष्ट्रातील होती. तिसरे उत्तर प्रदेशातील बरेलीकडचे. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. पुढे मात्र योजना रेंगाळली. २०१४ च्या सुमारास प्रत्यक्ष प्रमाण शेकडा दीडच्या आसपासच होते. त्यानंतर वेग आला. ५ जून २०२१ या जागतिक पर्यावरणदिनी पंतप्रधानांनी पुण्यातील निव्वळ इथेनॉलच्या विक्रीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, आणि वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० ऐवजी २०२५ पर्यंत गाठावयाचे, असे त्याच दिवशी जाहीर झाले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा.

आता या मिश्रणाचा गाडीवर काय परिणाम होतो, ते पाहू. पहिली गोष्ट उष्णतेची. एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. मिश्रणाच्या एका लिटरात पेट्रोल चारपंचमांश व इथेनॉल एकपंचमांश असते. गणित मांडले, तर उष्णता २९.८ मेगाज्यूल येते. म्हणजे शंभरातील सुमारे सात भाग उष्णता कमी. गाडीला अंतर कापण्यासाठी लागते ती उष्णताच. ती कमी झाली, तर तेवढ्याच लिटरात गाडी थोडी कमी धावणार, हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हेच सांगितले आहे. जुन्या धर्तीच्या, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींत सहा ते सात टक्के, तशाच दुचाक्यांत तीन ते चार टक्के, आणि वीस टक्क्यांसाठी मुद्दाम जुळवलेल्या मोटारींत एक ते दोन टक्के घट येईल, असा तो अंदाज आहे. नव्या गाडीत घट कमी का? इथेनॉलमध्ये एक गुण आहे. इंजिनात दाब वाढला, तरी ते अवेळी पेट घेत नाही. नव्या इंजिनाची जुळणी या गुणाचा फायदा घेणारी असते. जुन्या इंजिनाला हा गुण असून नसल्यासारखा.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. इथेनॉल पाणी शोषून घेते, पेट्रोल घेत नाही. काही जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलच्या सहवासाने फुगते आणि कालांतराने कडक होऊन तडकते. टाकीत किंवा नळीत साचलेला जुना मळ सुटून गाळणीत अडकू शकतो. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, तर इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जाऊन बसते, आणि मग इंजिनाला जे मिळते, ते धड इंधनच नसते. हे सहा महिन्यांत होते, असेही नाही, आणि होतच नाही, असेही नाही. गाडी कोणत्या सालची, तिच्या नळ्या कशाच्या, ती रोज चालते की महिनोन् महिने उभी राहते, यावर ते अवलंबून आहे. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे भाग वीस टक्क्यांचे मिश्रण सोसणारे असतात. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून वाहनांची पारख करणारी एक मोठी संस्था आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया हे तिचे नाव. तिची एक प्रयोगशाळा चाकणलाही आहे. गाडी बाजारात येण्यापूर्वी तिला अशा संस्थेच्या कसोटीस उतरावे लागते. परंतु २०१२ साली जी कसोटी झाली, ती त्या वेळच्या इंधनावर झाली, हे विसरून चालणार नाही.

वडिलांनी कपाटातून गाडीची माहितीपुस्तिका काढली. इतक्या वर्षांत ती कोणी उघडली नव्हती! तीत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल, असे छापलेले होते. वीस टक्क्यांचा उल्लेखच नव्हता. संदेशांपेक्षा हे वाक्य अधिक मोलाचे होते, कारण ते त्याच गाडीविषयी होते.

रविवारी बापलेक निगडीच्या एका मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रींनी प्रथम बोनेट उघडून इंधनाच्या नळीवर बोट फिरवले, ती हलकेच वाकवली. मग मुलीला दूर उभे राहण्यास सांगून त्यांनी एक खुणा असलेले उंच काचपात्र घेतले. त्यात पन्नास खुणांपर्यंत पाणी व त्यावर तेवढेच पेट्रोल ओतले, बूच लावून ते हलवले आणि स्थिर ठेवले. थोड्या वेळाने पेट्रोल वर तरंगले, पाणी खाली राहिले. पण पाण्याची पातळी आता पन्नासवर नव्हती, जवळजवळ साठावर गेली होती.

“हे दहा भाग कोठून आले?” मिस्त्रींनी विचारले.

“पेट्रोलातून! इथेनॉल पाण्यात उतरले,” मुलगी म्हणाली. “पन्नासात दहा, म्हणजे शंभरात वीस.”

पेट्रोलची वाफही पेट घेते; म्हणून हा प्रयोग जाणत्या माणसानेच, विस्तवापासून दूर, उघड्या हवेत करावयाचा असतो. घरी तो करू नये.

मिस्त्री पुढे म्हणाले, “दादा, गाडी टाकून देण्यासारखी नाही. पण ही नळी पाहा, टोकाशी चिरा पडू लागल्या आहेत. तेरा वर्षांची नळी, ती इथेनॉल नसते तरी बदलावीच लागली असती. नळी, जोडावरच्या कड्या आणि गाळणी बदलून घ्या. नवी नळी इथेनॉल सोसणारीच मागा. आणि गाडी दोन-दोन महिने उभी ठेवू नका. पावसाळ्यात टाकी रिकामी राहू देऊ नका. रिकाम्या टाकीत दमट हवा भरते.” खर्चाचा आकडा ऐकून वडिलांनी सुस्कारा सोडला. तो अगदी थोडा नव्हता, परंतु नव्या गाडीच्या एका हप्त्याहून कमी होता.

राहिला प्रश्न अंतराचा. त्यासाठी कोणाचे ऐकण्याची गरजच नव्हती. वडिलांना जुनी सवय होती. पेट्रोल भरले, की तारीख, लिटर आणि किलोमीटर ते एका वहीत लिहून ठेवीत. टाकी काठोकाठ भरावयाची, गाडी चालवावयाची, पुन्हा काठोकाठ भरावयाची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळचे लिटर. जुन्या नोंदींवरून सरासरी १८.१ किलोमीटर निघाली. आता मुलीने तीन वेळा मोजले: १७.१, १६.६, १७.३. मधला आकडा कमी, कारण त्या आठवड्यात गाडी दोनदा चाकणच्या वाहतूक कोंडीत तासतासभर अडकली होती. एका मोजणीवर विसंबू नये, ते यासाठीच. सरासरी १७ आली. म्हणजे शेकडा सहा घट. महिन्याला ५०० किलोमीटर धावणाऱ्या या गाडीस पूर्वीपेक्षा पावणेदोन-दोन लिटर अधिक लागू लागले. लिटरचा दर १०४ रुपये धरला, तर हा भार महिन्यास दोनशे रुपयांच्या आत होता. तो सोसण्यासारखा असला, तरी खरा होता. मिश्रणात उष्णता कमी म्हणून पंपावर त्याचा दर कमी लावलेला नाही.

“मग एवढे सोसून मिळते काय?” आईने विचारले.

उत्तर आजोबांनी दिले. साखरेला भाव नसला, की कारखान्याकडून उसाचे पैसे रखडत. तेल कंपन्या इथेनॉल घेऊ लागल्यापासून कारखान्याच्या हाती लवकर पैसा येतो, आणि उसाचे बिल मिळणे सुकर होते. आईनेही मग वाचलेले सांगितले. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा पंच्याऐंशीहून अधिक तेल परदेशांतून येते. त्यातील थोडे तरी वाचते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही या मिश्रणाने कमी होतो. ब्राझील देशाने तर १९७५ पासून उसाच्या इथेनॉलची कास धरली आहे, आणि २०२५ साली तेथे मिश्रणाचे प्रमाण तीस टक्के झाले. मात्र तेथील बहुतेक मोटारी कोणतेही मिश्रण चालेल, अशाच बांधणीच्या असतात. गाड्या आधी बदलल्या, इंधन बरोबरीने बदलत गेले. आपल्याकडे रस्त्यावर जुन्या गाड्या पुष्कळ आणि इंधन एकदम बदलले, ही अडचण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मुलीला एक आकडा अहवालात सापडला. एक टन उसापासून सुमारे सत्तर लिटर इथेनॉल होते. तिने लगेच हिशोब केला. आपली टाकी ३५ लिटरची. तिच्यात ७ लिटर इथेनॉल. सारे उसाचेच धरले, तर ७ लिटरांना १०० किलो ऊस. एका टाकीत एक क्विंटल! आजोबा मोठ्याने हसले. मुळी बांधून डोक्यावर घेतलेल्या उसाचे वजन त्यांच्या मानेला पक्के ठाऊक होते.

परंतु अहवालातील पुढचे वाक्य वाचल्यावर त्यांचे हसू मावळले. उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी लागते, असे तेथे म्हटले होते. ७ लिटरांना २०,०२० लिटर. चिंचवडच्या गृहसंस्थांच्या दारी पाण्याचे टँकर येतात. तसे दहा हजार लिटरांचे दोन टँकर एका टाकीमागे! पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येऊ लागले. त्या घराला टँकर म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. अर्थात मळी ही साखर काढून झाल्यावर उरते. तिच्यावर साऱ्या पाण्याचा भार टाकणे न्यायाचे नाही. मक्याला उसापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते. पण मका इंधनाकडे वळला, तेव्हा कोंबड्यांचे खाद्य महागले, हेही घडले आहे. आणि पाऊस कमी झाला, की काय होते, ते २०२३ साली दिसले. डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले, कारण साखर कमी पडण्याची भीती होती. पुढच्या वर्षी ते उठवले.

“विहीर आटली, की ऊस वाळतो,” आजोबा म्हणाले. “धाकट्याला मी तेच सांगतो. ठिबक कर, नाहीतर निम्म्या रानात दुसरे पीक घे.” गाडी ठेवावी की विकावी, याचे उत्तर एका रविवारात मिळाले होते. हा दुसरा प्रश्न तसा एका घरात सुटणारा नव्हता, आणि कोणी तो सुटल्याचे सोंगही केले नाही.

गाडी राहिली. पुढच्या आठवड्यात नळी, कड्या व गाळणी बदलली गेली. कारखान्याच्या बसने जाता येत असताना वडील अधूनमधून गाडीने जात. ते त्यांनी बंद केले. गाडी इस्पितळासाठी, गावासाठी, आणि फार दिवस उभी राहू नये म्हणून आठवड्यातून एकदा आकुर्डीपर्यंतच्या फेरीसाठी. मामांना फोन करून तसे कळवले. ते म्हणाले, “बरे, पण वहीतले आकडे मला पाठवा. माझीही गाडी २०१४ ची आहे.”

वही आता मुलीकडे आली आहे. तारीख, किलोमीटर आणि लिटर या तीन रकान्यांशेजारी तिने पट्टीने रेघ मारून चौथा रकाना आखला. परवा गाडीत २८ लिटर पेट्रोल भरले. त्याचा पाचवा हिस्सा काढून तिने चौथ्या रकान्यात लिहिले: ऊस, ८० किलो. आजोबांनी चष्मा लावून ते वाचले, आणि पाचव्या रकान्यासाठी पानावर जागा आहे का, ते पाहिले.